आरतीवाचून संपलेला माहितीपट

एखादा माणूस तीन तासांचा राजकीय माहितीपट जागचा न हलता पाहतो, तेव्हा तो खरोखर तो माहितीपटच पाहत असतो, की त्यातल्या दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत बसलेला असतो? चामराजपेटच्या बिंदुमाधवला हा प्रश्न १९९७ साली पडला आणि त्याचे उत्तर त्याला मिळाले नाही. त्याची हकीकत क्रमाने मांडून पाहिली तरी ते हाती लागते असे म्हणवत नाही.

बिंदुमाधव बेंगळूरच्या चामराजपेटमधल्या एका गल्लीचा केबलवाला होता. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याच्या डिश अँटेनाची यंत्रे, दोन व्हीसीआर आणि ध्वनी मिसळण्याचे एक जुने खोके होते. तिथून निघालेली काळी तार गच्च्यांवरून, नारळाच्या झाडावरून, शेजाऱ्याच्या कपड्यांच्या दोरीखालून जात जात सगळ्या वस्तीत शिरली होती. बाहेरच्या वाहिन्यांबरोबर तो स्वतःचीही एक वाहिनी चालवी. तिच्यावर संध्याकाळी कॅसेट लावून सिनेमे, गाणी आणि कोणाच्या घरी लग्न झाले असेल तर त्याचे चित्रण दाखवी.

त्याचे घराणे तीन-चार पिढ्यांपासून बेंगळूरचे. घरात मराठी, पण त्या मराठीत कन्नडमधले ‘स्वल्प’, म्हणजे थोडे, आणि ‘सरी’, म्हणजे बरे, इतके मुरलेले की ते शब्द बाहेरून आले आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नसे. वडील कृष्णाजीबुवा कीर्तनकार होते. गल्लीतल्या देवळात त्यांचे कीर्तन मराठीत होई, आणि पुढच्या चौकातल्या मठात तेच कन्नडमध्ये. बिंदुमाधवने लहानपणी त्यांच्या मागे उभे राहून झांजा वाजवल्या होत्या. आवाज वडिलांचाच होता, पण गादी काही त्याने चालवली नाही. देवाधर्माबद्दल त्याचे मन ना इकडे ना तिकडे असे होते, आणि तशा मनाने बुक्का लावून उभे राहणे त्याला खोटेपणाचे वाटे. वडील गेल्यावर त्याने वीणा देवळाला दिली आणि व्हिडिओ कॅसेटचे दुकान काढले. पुढे केबल आली.

आपली वाहिनी किती लोक पाहतात हे जाणून घेण्याची त्याची एक रीत होती. संध्याकाळी कॅसेट लावून तो खाली उतरे आणि चित्र नीट येते आहे ना हे पाहण्याच्या निमित्ताने गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत जाई. खिडक्या उघड्या असत. कोणत्या खिडकीतून कोणता आवाज येतो यावरून त्याला सगळे समजे. एखाद्या घरातून आपल्या वाहिनीचा आवाज तुटून दुसऱ्या वाहिनीचे गाणे सुरू झाले की त्याला चटका बसल्यासारखे होई. कीर्तनातून माणूस उठून गेला की वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटत असे, ते आता आपल्या चेहऱ्यावर उमटले असणार, असे त्याला वाटे.

त्या वर्षी त्याच्याकडे अंजली आली. ती मूळची पुण्याची. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता आणि ती स्वतः माहितीपट करीत असे. शहराबाहेरच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रभागांच्या एका कारखान्याला टाळे लागले होते आणि ती जवळजवळ वर्षभर त्याच्या फाटकासमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली होती. त्या कारखान्याचे बरेच कामगार चामराजपेट आणि आसपासचे. मालकांनी त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव ठेवला होता आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत सही करा, असे बजावले होते. सही करणाऱ्यांपैकी काहींना पुन्हा कामावर घेऊ, असे तोंडी आश्वासनही होते.

याच कंपनीच्या राज्याबाहेरच्या दुसऱ्या कारखान्यात आदल्या वर्षी हेच आश्वासन दिले गेले होते. तिथल्या कामगारांनी सह्या केल्या, आणि मग भर दिवसा ट्रक आले आणि यंत्रे उचलून घेऊन गेले. सह्या दिल्यामुळे कोणाला दावाही करता आला नाही. अंजलीने हे सगळे चित्रित केले होते. तो भाग तिच्या माहितीपटाच्या अखेरच्या अर्ध्या तासात येत होता.

“सभागृहात दाखवायचं तर कामगार येत नाहीत, दादा. घाबरतात,” ती म्हणाली. “पण टीव्ही घरात असतो. घरात कोण बघतंय ते मॅनेजमेंटला कळत नाही.”

“बघू की. सोमवारच्या आधी लावू म्हणून सांगता, तर लावू, बाई.”

“बाई नका ना म्हणू.”

“सरी, बाई.”

बिंदुमाधव इतक्या लवकर हो म्हणाला याचे कारण अंजलीला ठाऊक नव्हते. त्याच्या थोरल्या बहिणीचा, शालनक्काचा नवरा जयतीर्थ त्याच कारखान्यात फिटर होता. गल्लीच्या टोकाला त्यांचे घर. टाळेबंदीपासून जयतीर्थ घरात बसून होता आणि सोमवारी सही करायची, असे त्याने ठरवून टाकले होते. बिंदुमाधवने ट्रकांची गोष्ट ऐकली त्याच संध्याकाळी जाऊन त्याला सांगितली.

“कोण सांगितलं तुला?” जयतीर्थने विचारले.

“त्या अंजलीबाईंनी स्वतः बघितलंय, भावजी. कॅमेऱ्यात आहे.”

“म्हणजे पुण्याहून आलेली बाई मला माझा कारखाना शिकवणार, आणि तू गच्चीवरून वायरी ओढणारा मला कायदा शिकवणार. बरं आहे. शालन, तुझ्या भावाला कॉफी दे, दमला असेल.”

शालनक्काने कॉफी दिली आणि दाराशी येऊन हळूच म्हणाली, “बिंदू, सांगून ऐकणारं माणूस नाही हे. कुणी काही समजावायला लागलं की चप्पल घालून निघतात. तू काहीतरी कर.”

“काय करू, अक्का?”

“ते मला ठाऊक असतं तर तुला सांगितलं असतं की.”

पहिल्यांदा माहितीपट लागला तो अंजलीने जोडला होता तसाच. आधी उदारीकरणाचा इतिहास, मग कामगार कायद्यातले बदल, मग तज्ज्ञांच्या मुलाखती, मग पीण्या, आणि शेवटी ट्रक. निवेदन एका प्राध्यापकाच्या आवाजात होते. कॅसेट लावून बिंदुमाधव खाली उतरला. पहिल्या घरापाशी प्राध्यापक बोलत होते. पुढच्या घरापाशीही होते. देवळापर्यंत येतो तो एका खिडकीत प्राध्यापकांचे वाक्य अर्धे राहिले आणि क्रिकेट सुरू झाले. मग जणू सगळ्या गल्लीने ठरवल्यासारखे एकेका खिडकीतून गाणी, जाहिराती, रडारड ऐकू येऊ लागली. शालनक्काच्या घरासमोर तो पोहोचला तेव्हा टीव्ही बंद होता आणि दारात जयतीर्थच्या चपला नव्हत्या.

त्याने हे अंजलीला सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. “पण मटेरियल इतकं स्ट्राँग आहे! शेवटपर्यंत पाहिलं तर कोणीही हलून जाईल.”

“शेवटपर्यंत कोण बसला, बाई? तो शेवट आधी लावा की.”

“नाही. तो पुरावा आहे. कशाचा पुरावा ते आधी कळलं नाही तर ते नुसतेच ट्रक आहेत.”

हे बिंदुमाधवला एकदम पटले, आणि पटल्यामुळेच तो गोंधळला. वडिलांच्या कीर्तनातही पूर्वरंग आधी असे. त्यात अभंग घेऊन सिद्धान्त मांडायचा, आणि आख्यान उत्तररंगात. लोक आख्यानासाठी येत, पण कोणी पूर्वरंगातून उठत नसे. का उठत नसे? त्याने पुष्कळ आठवून पाहिले. बुवा पूर्वरंगातच एखादी लहानशी गोष्ट सुरू करून ठेवीत. एखाद्या राजपुत्राचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, अशा जागी त्याला उभा करून ते वीणा जुळवायला घेत आणि मग अर्धा तास वैराग्यावर बोलत. समोरचे लोक वैराग्य ऐकत, पण डोळे त्या उंबऱ्यावर. सर्वांत शेवटी त्याचा दुसरा पाय पडे आणि लगेच आरती होई. आरती झाल्याशिवाय मांडवातून उठणे हे त्या वस्तीत कोणाला सुचतच नसे. मराठी घरांतही नाही, कन्नड घरांतही नाही.

“तुमच्या कॅसेटींत असं एखादं माणूस आहे काय,” त्याने विचारले, “जे उंबऱ्यात उभं आहे?”

अंजलीला प्रश्न कळला नाही. तेव्हा दोघे गच्चीवरच्या खोलीत बसून तिच्या सगळ्या कॅसेटी पाहू लागले. मोर्चे, भाषणे, मुलाखती. आणि त्या सगळ्यांच्या कडेकडेने, एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना जोडायला म्हणून घेतलेल्या चित्रांत, एक म्हातारासा कामगार पुन्हा पुन्हा दिसत होता. सकाळी सायकलवरून येई, बंद फाटकासमोरच्या झाडाखाली सायकल लावी आणि बसे. शेजारच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की डबा उघडून जेवी. संध्याकाळचा भोंगा झाला की सायकल काढून निघे. पावसाळ्यातही होता, उन्हाळ्यातही होता.

“हे कोण?”

“शिवाप्पा. लेथवर होते. बोलत नाहीत ते. मी दोनदा प्रयत्न केला, तर नुसते हसले.”

बिंदुमाधव चित्र थांबवून बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “घरी ठाऊक आहे काय यांच्या?”

“काय?”

“कारखाना बंद आहे म्हणून. रोज डबा कोण भरून देतं? बायकोला ठाऊक आहे काय?”

अंजली म्हणाली, “मला माहीत नाही. आणि दादा, जे आपल्याला माहीत नाही ते डॉक्युमेंट्रीत सांगता येत नाही.”

“सांगत कुठं आहे? विचारतोय.”

या दोन शब्दांतले अंतर किती, यावर त्यांचा वाद झाला. अंजलीचे म्हणणे असे की, न सुटणारा प्रश्न प्रेक्षकापुढे टांगून ठेवणे हीदेखील एक फसवणूकच आहे. बिंदुमाधव एवढेच म्हणाला की जयतीर्थला बसवायचे तर दुसरी वाट त्याला दिसत नाही. तेव्हा पहिल्यांदा तिला जयतीर्थची हकीकत कळली. ती ऐकल्यावर तिने विरोध सोडला, पूर्ण नव्हे.

मग त्याने दोन व्हीसीआर जोडून माहितीपट नव्याने बांधला. अंजलीचा क्रम त्याने मोडला नाही, तिच्या पुराव्यातली एक चौकटही गाळली नाही. प्रत्येक सिद्धान्तापूर्वी मात्र शिवाप्पा येई, आणि सिद्धान्त संपता संपता पुन्हा येई. प्राध्यापकांचा आवाज काढून त्याने स्वतःचा घातला. कन्नडमध्ये, मधूनच घरच्या मराठीचा एखादा तुकडा. “हे शिवाप्पा. डब्यात आज काय आहे ते आपल्याला दिसत नाही. हा डबा कोणी बांधला? ज्या हाताने बांधला त्या हाताला ठाऊक आहे का, की या फाटकाला कुलूप आहे? ते असो. आधी हे कुलूप कोणी लावलं ते पाहू.” आणि मग कायदा सुरू होई.

ध्वनिमुद्रण करताना त्याला स्वतःचेच नवल वाटत होते. कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे थांबायचे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. झांजा वाजवताना पाठीमागून जे कानावर पडले तेवढेच होते, आणि ते सगळे जसेच्या तसे आत होते.

शेवट बांधताना तो म्हणाला, “इथं स्वल्प काहीतरी मंगल पाहिजे. आरतीसारखं. नाहीतर संपलं म्हणून कसं कळेल?”

“कामगारांच्या फिल्मला आरती?” अंजली हसू लागली. “नाही हं. ही मात्र अजिबात नाही. काळा पडदा, एवढं पुरे.”

“सरी,” तो म्हणाला. आधीच्या वादात तिने माघार घेतली होती. या वेळी आपली पाळी, असे त्याने धरले.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता कॅसेट लागली. अंजली वरच्या खोलीत यंत्रांपाशी थांबली आणि बिंदुमाधव खाली उतरला.

आजवर तो या गल्लीतून दुसऱ्यांचे आवाज ऐकत चालला होता. आज प्रत्येक खिडकीतून त्याचाच आवाज येत होता. एका खिडकीतून वाक्य सुरू होई आणि चालता चालता पुढच्या खिडकीत ते पुरे होई. मध्येच त्याला वाटे की हा आपला आवाज नव्हे, बुवांचाच आहे, आणि आपल्याला कीर्तनाला उशीर झाला आहे. ठकुअज्जीच्या ओसरीवर शेजारच्या दोन-तीन बायका येऊन बसल्या होत्या. ठकुअज्जी म्हणजे समोरच्या शिंप्याच्या घरची म्हातारी. तिला बुवांची सगळी आख्याने पाठ होती.

“कोण रे ते? बिंद्या?” तिने ओसरीवरून हाक मारली. “तू इथं, आणि आतसुद्धा तूच. असला कसला खेळ?”

“चित्र नीट येतंय ना, अज्जी?”

“चित्र येतंय. पण त्या मेल्यानं बायकोला सांगितलं की नाही ते सांग आधी.”

“बघा की पुढं.”

“बघतेच आहे. आता तो टाय लावलेला बोलतोय तो सरला की येईल ना तो?”

तो पुढे गेला. टाय लावलेला बोलतच होता आणि एकाही खिडकीत त्याचे वाक्य तुटले नाही. कायदा झाला, आकडे झाले, एका मोर्च्यातले लांबलचक भाषण झाले. देवळापाशी थांबून त्याने कान दिला. पलीकडच्या घरात कोणीतरी कोणाला तरी दटावत होते, “गप्प बस, आता डबा उघडणार.”

मग शालनक्काचे घर आले. खिडकी उघडी होती. जयतीर्थ खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंगात बाहेर जायचा सदरा, एका पायात चप्पल आणि दुसरी समोर फरशीवर. निघता निघता बसलेल्या माणसाची बसण्याची तऱ्हा होती ती. शालनक्का भिंतीला टेकून उभी होती. तिने खिडकीतून भावाला पाहिले आणि बोट ओठांवर ठेवले.

बिंदुमाधव फेरी मारून परत आला. जयतीर्थ तसाच. पुन्हा फेरी मारून आला. दिवे लागले होते. आता ट्रकांचा भाग सुरू झाला असणार, हे त्याला स्वतःच्याच आवाजावरून कळले. तो खिडकीबाहेर अंधारात उभा राहिला. पडद्यावर यंत्रे साखळदंडांनी बांधून वर उचलली जात होती, एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून “आम्ही सही केली होती” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्या निळसर उजेडात जयतीर्थ पुढे झुकून बघत होता. चप्पल अजून एकाच पायात. बिंदुमाधवला वाटले, झाले. बसला तो. पाहिले त्याने.

शेवटी फाटक, झाड, संध्याकाळचा भोंगा. शिवाप्पा उठला, डबा पिशवीत ठेवला, सायकल काढली आणि रस्त्याला लागून लहान लहान होत गेला. काळा पडदा. मग कॅसेटवरची मोकळी जागा आणि तिची खरखर.

बिंदुमाधव आता टीव्ही बंद होण्याची वाट पाहू लागला. एकही बंद झाला नाही. कोणी दुसरी वाहिनी लावली नाही. सगळ्या गल्लीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक खिडकीतून नुसती खरखर येत होती, आणि माणसे तिच्यासमोर बसून होती. इतक्या घरांतून एकाच वेळी काहीच न सांगणारा आवाज येताना त्याने कधी ऐकला नव्हता. प्रथम त्याची छाती फुगली. मग त्याला भीती वाटली. हे कशासाठी बसले आहेत?

ओसरीवर ठकुअज्जी निरांजन पेटवून उभी होती.

“बिंद्याऽ! आरती कधी?”

“आरती नाही, अज्जी.”

“नाही म्हणजे? कथा लावलीस, सगळ्यांना बसवलंस, आणि आरती नाही?”

“संपलं ते.”

“असं कसं संपलं? बायकोला कळलंच नाही अजून!” तिने निरांजनाकडे पाहिले, मग टीव्हीकडे, आणि काय करावे ते न सुचून ते ओसरीवरच्या तुळशीपुढे ठेवून दिले. “बुवा असते तर असं अर्धवट सोडलं नसतं.”

तो धावत वर गेला. अंजली खोलीच्या दारात उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. “दादा, ऐकताय? कोणीही बंद करत नाहीये. सुन्न झालेत सगळे!”

“सुन्न नाही झाले, बाई. आरतीसाठी थांबलेत.”

ती हसली, मग थांबली, आणि मग दोघेही खालच्या खरखरीकडे कान देऊन उभे राहिले. तिचे खरे की त्याचे, हे त्या आवाजावरून काही केल्या ठरत नव्हते. अखेर त्याने गाण्यांची एक कॅसेट लावली, तेव्हा कुठे गल्ली हलली.

सोमवारी जयतीर्थ सकाळीच पीण्याला गेला. दिवसभर बिंदुमाधवचे कामात लक्ष नव्हते. एका घराची तार जोडायला म्हणून खांबावर चढला आणि कोणती तार कोणाची हेच विसरला. संध्याकाळी तो बहिणीकडे जाऊन बसला. सहीची वेळ उलटून गेली. शालनक्का सारखी दारापर्यंत जाऊन परत येत होती.

“केली असेल,” ती म्हणाली. “केली असेल तर केली. मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस.”

जयतीर्थ आला तो दमलेला, पण चिडलेला नव्हता. पाय धुऊन बसला.

“झालं काय, भावजी?”

“काय व्हायचंय? राहिली.”

“सही केली नाहीत?”

“राहिली म्हटलं की.”

शालनक्का दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बिंदुमाधवला हसू आणि रडू एकदमच आले. तो म्हणाला, “बरं झालं, भावजी. ते ट्रक बघितलेत, बरं झालं.”

“कुठले ट्रक?”

“कालचे. यंत्रं नेली ते. शेवटी होतं की.”

जयतीर्थने आठवून पाहिले. “हां. होते ट्रक. मला वाटलं, आता त्या ट्रकामागून त्याची बायको येणार. तिला कळलं म्हणून ती शोधत येणार, असं तू करणार म्हणून मी बघत होतो. ती आली नाही.” त्याच्या बोलण्यात थोडी तक्रार होती. “मग म्हटलं, जाऊन त्यालाच विचारू. फाटकाशी गेलो, तर होता झाडाखाली. बसलो त्याच्याशेजारी.”

“काय म्हणाला?”

“विचारलंच नाही रे. कसं विचारायचं? भोंगा झाला, त्यानं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. खाल्ली. मग बसलो. आतून एकजण येऊन म्हणाला, सह्या चालू आहेत, ये. म्हटलं, येतो. हा उठला की मी उठेन, असं मनात. तो संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत उठला नाही.”

“म्हणजे ठरवून नाही?”

“ठरवून काय? राहिली.” मग एकदम मान वर करून त्याने विचारले, “तुला ठाऊक आहे काय रे? आहे का तिला माहीत?”

बिंदुमाधवने आपल्याला ठाऊक नाही म्हणून मान हलवली. जयतीर्थला ते खरे वाटले नाही.

घरी परतताना ठकुअज्जीने त्याला ओसरीवर अडवले. तिचा राग गेला नव्हता, पण तिला वेगळेच काही विचारायचे होते. “बिंद्या, त्या ट्रकांतून ती यंत्रं नेली, ती कुठं नेली रे? आणि सह्या घेतल्या तेव्हा त्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं काय, की सही केली की दावा करता येत नाही म्हणून?” तिला सगळे अगदी नीट कळले होते. तिच्या घरातले कोणी त्या कारखान्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी अंजलीला हे सांगताना बिंदुमाधवने काही लपवले नाही. गल्लीतल्या दुसऱ्या दोघा कामगारांनी रविवारी सगळे पाहूनही सोमवारी सह्या केल्या होत्या, हेही सांगितले. जयतीर्थने सही केली नाही हे ऐकताच तिने टाळी वाजवली होती. पुढचे ऐकताना तिचे हात तसेच जुळलेले राहिले.

“म्हणजे माझ्या पुराव्यामुळे नाही,” ती म्हणाली.

“तुमच्या पुराव्यासमोर बसले होते खरे.”

“पण पाहत नव्हते.”

“पाहत होते. मी बघितलं की खिडकीतून. डोळे तिथंच होते.”

“मग आपण नक्की काय केलं, दादा?”

बिंदुमाधवने व्हीसीआरमधून कॅसेट काढली, तिच्यावरची धूळ सदऱ्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. त्याला सांगायचे होते की वडिलांच्या कीर्तनाला येणारे लोक वैराग्य घेऊन घरी जात की राजपुत्राचा पाय घेऊन, हे त्याला कधीच कळले नव्हते आणि बहुधा वडिलांनाही नव्हते. पण ते नीट शब्दांत येईना. तो म्हणाला, “पुढच्या वेळी स्वल्प आरती ठेवू या, बाई. लोक घरी तरी जातील.”

शिवाप्पा पुढे किती दिवस येत राहिला ते कोणी पाहिले नाही. टाळेबंदी उठली नाही आणि कंपनीने पीण्यातली यंत्रेही हलवली. सही न केलेल्या थोड्या कामगारांनी दावा लावला, त्यांत जयतीर्थचे नाव होते. त्याचा निकाल २००६ साली कामगारांच्या बाजूने लागला. आपण सही का केली नाही, असे कोणी विचारले तर त्या दिवशी उठायचे राहून गेले, एवढेच तो सांगे. बिंदुमाधवने केबलचा धंदा त्याआधीच एका मोठ्या वितरकाला देऊन टाकला होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अंजलीने तो माहितीपट पूर्ण लांबीचा, बिंदुमाधवच्या आवाजासह, इंटरनेटवर ठेवला.